सालबाई ते कोडा : संपर्क तुटला असताना चाललेले दप्तर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी इतिहास शिकलो. पुढे माझे आयुष्य संगणकाच्या क्षेत्रात गेले. त्यामुळे इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार तोकडा आहे, हे आरंभीच मान्य करतो. तरीही संयोजकांनी जेव्हा आग्रह धरला, तेव्हा मला गुरुजींचा वर्गातला एक नेहमीचा प्रश्न आठवला. कोणताही जुना कागद समोर आला की ते विचारीत, "हे मूळ की नक्कल? आणि नक्कल असेल तर मुळापासून कधी तुटलेली?" चाळीस वर्षे मी ज्या व्यवसायात काढली, त्यातला एक अवघड प्रश्न नेमका हाच आहे. म्हणून आजचा विषय मी तिथूनच घेतला.

मूळ दप्तर एका जागी असते आणि काम करणारी माणसे दूर दूर असतात. जोवर दोघांमध्ये संपर्क आहे, तोवर अडचण नसते. संपर्क तुटला की दूरच्या माणसापुढे दोनच वाटा उरतात. हात बांधून बसावे, किंवा जवळच्या नकलेवर विसंबून काम पुढे न्यावे आणि संपर्क जुळल्यावर त्याचा हिशेब द्यावा. दुसरी वाट धरली, तर त्या काळात मूळ दप्तरातही कुणी फेरफार केला असेल त्याचे काय, हा प्रश्न उभा राहतो. संगणकशास्त्रात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार १९८० नंतरच्या दशकात झाला. व्यवहारात मात्र तो फार जुना आहे, आणि त्याचे एक मोठे उदाहरण आपल्या ग्वाल्हेरच्या उंबरठ्यावरच घडलेले आहे.

सालबाई हे गाव येथून दक्षिणेस फारसे दूर नाही. १७ मे १७८२ रोजी तेथे महादजी शिंदे आणि इंग्रजांचा वकील डेव्हिड अँडरसन यांच्यात तह ठरला. सतरा कलमांच्या या तहाने पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले. साष्टी इंग्रजांकडे राहिली, रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली, आणि तह पाळला जाईल याची हमी स्वतः महादजींनी घेतली. पेशवे सवाई माधवराव त्या वेळी बालवयात होते. कारभार नाना फडणिसांच्या हाती होता, आणि नाना पुण्यात होते.

पुणे आणि ग्वाल्हेर यांत हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. मधे डोंगर, नद्या, आणि पत्रे पोहोचवणारे जासूद. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत रणांगणावरची किंवा वाटाघाटीतली स्थिती बदललेली असे. महादजींनी प्रत्येक कलमासाठी पुण्याची वाट पाहिली असती तर तह झालाच नसता. पुण्याचे धोरण काय, पेशव्यांचे हित कशात, कोठवर सैल व्हायचे, याची एक प्रत, म्हणा ना, त्यांच्या मनात होती, आणि तिच्या आधारे त्यांनी निर्णय घेतले. परंतु पुण्यातले मूळ धोरण त्या काळात थांबून राहिलेले नव्हते. हैदरअली इंग्रजांशी लढत होता, तो पुण्याचा मित्र होता, आणि त्याने जिंकलेला मुलूख परत करावा असे एक कलम तहात होते. नानांना ते घाईने मान्य करणे सोयीचे नव्हते. वॉरन हेस्टिंग्जने जून १७८२ मध्येच तहाला मान्यता दिली. पुण्याची मान्यता मात्र लांबत गेली. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला, आणि करारपत्रांची देवघेव पुरी व्हायला १७८३ चा फेब्रुवारी उजाडला. तह ठरला त्यापासून तो मूळ दप्तरी दाखल होईपर्यंत नऊ महिने गेले.

या नऊ महिन्यांत तह होता की नव्हता? महादजींच्या छावणीत होता, कलकत्त्यात होता, पुण्यात अजून नव्हता. हे उत्तर विचित्र वाटेल, पण दूरच्या प्रतीवर चाललेल्या प्रत्येक कामाची मधल्या काळातली स्थिती अशीच असते.

गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले महादजींसंबंधीचे कागद १९३७ साली ग्वाल्हेरच्याच आलिजा दरबार छापखान्यातून निघाले. त्या काळचा पत्रव्यवहार चाळणाऱ्याच्या एक गोष्ट लवकर ध्यानात येते. उत्तर लिहिणारा आधी आलेल्या पत्राचा मजकूर पुन्हा सांगतो. अमुक मितीचे पत्र पावले, त्यात अमुक लिहिले होते, आणि मग आपले म्हणणे. नवख्या वाचकाला हा पाल्हाळ वाटतो. परंतु वाटेत चार पत्रे मागेपुढे होत असताना, आपण कोणत्या पत्राला उत्तर देत आहोत आणि ते लिहिताना आपल्याला काय ठाऊक होते, हे सांगण्याची दुसरी सोय नव्हती. गुरुजी आम्हांला हे वर्गात दाखवून देत. त्याची खरी किंमत मला फार उशिरा कळली.

आता आपण दोनशे वर्षे ओलांडून अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी जाऊ. तेथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८३ साली आयबीएम कंपनीच्या सहकार्याने एक मोठा प्रकल्प सुरू झाला. विद्यापीठातल्या कुठल्याही संगणकासमोर कुणीही बसावे आणि आपल्या फाइली तिथे मिळाव्यात, अशी कल्पना. कार्नेगी आणि मेलन या दोन्ही दात्यांचे पहिले नाव अँड्र्यू होते, म्हणून प्रकल्पाला अँड्र्यू हे नाव पडले, आणि त्यातून अँड्र्यू फाइल प्रणाली जन्मली. तिचे एक प्रमुख शिल्पकार महादेव सत्यनारायणन. त्यांचे शिक्षण मद्रासच्या आयआयटीत झालेले.

या प्रणालीत फाइलींचे मूळ दप्तर सर्व्हर नावाच्या मध्यवर्ती यंत्रांवर राहते. वापरणाऱ्याने एखादी फाइल उघडली की ती संपूर्ण फाइल त्याच्या समोरच्या संगणकाच्या डिस्कवर उतरते आणि काम त्या नकलेवर चालते. फाइल मिटली की बदललेली प्रत सर्व्हरकडे परत जाते. शिवाय सर्व्हर एक वचन देतो : दुसऱ्या कुणी ही फाइल बदलली, तर मी तुला कळवीन. कळवणे आले नाही तोवर जवळची नक्कल ताजी समजावी. ही व्यवस्था शेकडो माणसांना पुरली. मात्र तिचे यश हेच तिचे दुखणे झाले. सगळे तिच्यावर विसंबू लागले, आणि सर्व्हर किंवा मधली तार बंद पडली की सगळेच खोळंबू लागले. गंमत अशी की हवी ती फाइल पुष्कळदा समोरच्या डिस्कवर अखंड पडलेली असे. केवळ सर्व्हरला विचारता येत नाही म्हणून ती वापरता येत नसे.

१९८७ साली सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडा नावाची पुढची प्रणाली हाती घेतली. जवळची नक्कल मुळात वेग वाढावा म्हणून ठेवलेली होती. तीच संपर्क तुटल्यावर कामाला आणावी, हा तिचा एक मुख्य विचार. जेम्स किस्लर आणि सत्यनारायणन यांनी १९९१ साली एका परिषदेत यावर निबंध वाचला, आणि १९९२ साली तो विस्ताराने प्रसिद्ध झाला. त्यात संगणकाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. त्यांना मी आपल्या दप्तरी भाषेतली नावे देतो : साठवण, मुतालिकी आणि ताळमेळ.

साठवण ही संपर्क असतानाची अवस्था. उद्या प्रवासात काय लागेल याचा अंदाज बांधून ते आजच जवळ आणून ठेवायचे. हा अंदाज दोन गोष्टींवरून बांधला जाई : अलीकडे कोणत्या फाइली वापरल्या, आणि वापरणाऱ्याने स्वतः याद्या करून कोणत्या फाइलींना किती महत्त्व दिले. दर दहा मिनिटांनी संगणक आपली शिदोरी तपासून पाही, की अधिक महत्त्वाची वस्तू बाहेर राहून कमी महत्त्वाची आत तर आली नाही ना.

मुतालिकी ही संपर्क तुटल्यानंतरची अवस्था. मुतालिक म्हणजे धन्याच्या गैरहजेरीत त्याच्या नावाने कारभार पाहणारा. येथे समोरचा संगणकच सर्व्हरचा मुतालिक होतो. परवानग्या तपासतो, नव्या फाइलींना क्रमांक देतो, बदल स्वीकारतो. परंतु जे जे बदलले त्याची रोजकीर्द क्रमाने लिहून ठेवतो, आणि मध्येच यंत्र बंद पडले तरी ती पुसली जाऊ नये याची काळजी घेतो. कीर्द भलती वाढू नये म्हणून एक काटकसर आहे. एकाच फाइलीचा मजकूर दहा वेळा बदलला, तर शेवटची नोंद ठेवली की पुरते. मात्र शिदोरीत नसलेली फाइल मागितली, तर मुतालिकापाशी नकाराखेरीज उत्तर नसते.

ताळमेळ ही संपर्क पुन्हा जुळल्यावरची अवस्था. रोजकीर्द सर्व्हरकडे जाते आणि तेथे नोंदीमागून नोंद पुन्हा घडवली जाते. प्रत्येक नोंदीवर एक प्रश्न विचारला जातो : हा बदल ज्या प्रतीवर केला, तीच प्रत अजून मुळात आहे का? असेल तर बदल दाखल होतो. एकाच कप्प्यात दोघांनी वेगवेगळ्या नावांच्या फाइली घातल्या असतील, तर त्यात विरोध नाही, दोन्ही राहतात. परंतु एकाच फाइलीचा मजकूर दोघांनी बदलला असेल, तर यंत्र न्याय करायला बसत नाही. ते थांबते, तुटलेल्या काळातले सगळे काम बांधून बाजूला जपून ठेवते, आणि माणसाला सांगते की येथे तुझी नजर हवी.

ही व्यवस्था एका धाडसावर उभी होती. विरोध मुळीच होऊ नये असे वाटत असेल, तर संपर्क तुटण्याआधीच फाइलीला कुलूप घालावे लागते : किल्ली ज्याच्यापाशी, त्यानेच लिहावे. पण किल्ली घेऊन माणूस परगावी गेला की मागे राहिलेले सगळे अडून बसतात. कोडाकारांनी कुलूप नाकारले. सर्वांना लिहू द्यावे, तंटा झाला तर नंतर ओळखावा, असे ठरवले. हे धाडस आंधळे नव्हते. अँड्र्यू प्रणालीत चारशेहून अधिक माणसांचे काम चाले. त्यातल्या फेरफारांचे त्यांनी वर्षभर मोजमाप केले. शंभरातल्या नव्याण्णवांहून अधिक वेळा फाइल बदलणारा माणूस तोच असे, ज्याने ती आधी बदलली होती. एका दिवसाच्या आत दोन वेगळ्या माणसांनी एकच वस्तू बदलण्याची शक्यता फार तर ०.७५ टक्का निघाली. एक-दोन दिवस तुटून केलेल्या कामाचा ताळमेळ साधारण एका मिनिटात होई, आणि शिदोरीला १०० मेगाबाइटची डिस्क पुरे.

कुलपाची वाट कुठेच योग्य नसते, असे मात्र समजू नये. आपल्यातील वडीलधाऱ्यांना रेल्वेचा जुना कोटा आठवत असेल. गाडी दिल्लीहून सुटणार, पण ग्वाल्हेरला इतक्या जागा ठरलेल्या. येथील बाबू आपल्या वहीत तेवढ्याच जागा भरी. दिल्लीला विचारण्याचे कारणच नसे, कारण त्या जागा दिल्लीवाला विकू शकत नव्हता. संपर्काशिवाय काम चालावे आणि एक जागा दोघांना जाऊ नये, यासाठी केलेली ती आगाऊ वाटणी होती. तिची किंमतही होती. एका स्टेशनावर जागा रिकाम्या राहत आणि दुसऱ्यावर माणसे परत जात. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकाने आरक्षण सुरू झाले आणि १९९९ साली देशातली पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली, तेव्हा कुठेही बसून कुठल्याही गाडीची जागा पाहता येऊ लागली. पैशाच्या बाबतीत तर हे धाडस कुणी सहसा करीत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये संपर्काविना रक्कम देण्याची जी पद्धत मान्य केली, तिच्यात आरंभी एका व्यवहाराला २०० रुपये आणि एकूण २,००० रुपये अशी मर्यादा होती. चूक झालीच तर ती किती मोठी होऊ द्यायची, हे आधी ठरवून मग मोकळीक दिली. फाइलीवरचा तंटा मिटवता येतो. एकदा दुसऱ्याला विकलेली जागा किंवा दोनदा खर्चलेला रुपया मिटवणे अवघड.

आता जे सांगणार आहे, ते माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल आहे. १९९६ साली माजी विद्यार्थ्यांची यादी प्रथमच संगणकावर आली. तिची एक प्रत येथे ग्वाल्हेरात होती. निवृत्त झालेले गुरुजी दर रविवारी येऊन तिच्यात पत्ते सुधारीत. दुसरी प्रत फ्लॉपीवर घेऊन मी पुण्यास गेलो होतो. पुण्या-मुंबईकडे स्थायिक झालेल्यांचे पत्ते मी भरीत होतो. दिवाळीत घरी आलो, दोन्ही प्रती पाहिल्या, माझीवर नंतरची तारीख दिसली. नंतरची ती खरी, असे धरून मी ती येथील प्रतीवर उतरवली. दोन मिनिटांचे काम होते. कुणाला विचारावे असेही वाटले नाही.

पुढे त्याच यादीवरून स्नेहसंमेलनाची निमंत्रणे गेली. जिवाजीगंजातल्या एका घरी, चार महिन्यांपूर्वी वारलेल्या आमच्या एका वर्गबंधूच्या नावाने निमंत्रण पोहोचले. "सहकुटुंब अवश्य यावे" असे त्यावर छापले होते. त्याच्या आईने ते हातात धरून गुरुजींचे घर गाठले. गुरुजींनी ती नोंद स्वतः केलेली होती. त्यांच्या सगळ्याच नोंदी माझ्या दोन मिनिटांत गेल्या होत्या.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा ते रागावले नाहीत. आत गेले आणि एक पाठकोरी वही घेऊन आले. संगणकावर केलेला प्रत्येक बदल त्यांनी आधी त्या वहीत लिहिला होता : मिती, नाव, आधी काय होते, आता काय केले, कुणी कळवले. ते म्हणाले, "यंत्रावर माझा विश्वास नव्हता असे नाही. पण मूळ कुठले हे उद्या कुणी विचारले, तर सांगता यायला हवे." त्या वहीवरून आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून यादी पुन्हा उभी केली. चार ठिकाणी त्यांचा आणि माझा पत्ता वेगळा निघाला. तेथे गुरुजींनी दोन्ही पत्ते ठेवायला लावले आणि दोन्हींवर पत्रे पाठवून खरे काय ते विचारून घेतले. त्या माउलीकडे मात्र ते मला बरोबर घेऊन एकदा गेले. तेथे काय बोलणे झाले, ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे.

किस्लर आणि सत्यनारायणन यांचा निबंध मी त्यानंतर दोन वर्षांनी वाचला. लेखकांनी आरंभीच म्हटले आहे की सोबत नेण्याजोगे संगणक बाळगणारी माणसे निघताना फाइली उतरवून घेतात आणि परतल्यावर चढवतात. म्हणजे यंत्राने करावयाचे काम ती हातांनीच करीत असतात. मी तेच केले होते, आणि ज्या चुकीपासून कोडा वापरणाऱ्याला वाचवू पाहते, नेमकी तीच केली होती. मी तारखेला सत्य मानले. कोणती प्रत नंतरची, एवढेच तारीख सांगते. एका प्रतीला दुसऱ्या प्रतीतले ठाऊक होते की नव्हते, ते ती सांगत नाही. ते कळायला कीर्द लागते. गुरुजींपाशी ती होती. ज्यांनी जन्मभर आम्हांला जुन्या पत्रांतला तो पाल्हाळ समजावून दिला, त्यांच्यापाशी ती असणारच.

कोडाचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९५ च्या सुमारास त्याच मंडळींनी मंद आणि मधूनच तुटणाऱ्या टेलिफोनच्या तारेवर बदल हळूहळू झिरपवण्याची रीत बसवली. त्यात ताजी नोंद साधारण दहा मिनिटे मुरू देत, म्हणजे तेवढ्यात रद्द होणाऱ्या नोंदींचा भार तारेवर पडत नसे. त्याच सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत बायू नावाची प्रणाली झाली. तंटा कसा ओळखावा आणि कसा मिटवावा, हे तिच्यात प्रत्येक बदलाबरोबरच लिहून पाठवता येई. २००५ साली लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी लिहिलेल्या गिट या साधनात तर प्रत्येकाजवळ संपूर्ण इतिहासासकट पूर्ण दप्तर असते. २००८ पासून लोकांच्या हाती आलेल्या ड्रॉपबॉक्समध्ये एकाच फाइलीवर दोघांचे लेखन झाले, तर दुसरी प्रत वेगळ्या नावाने शेजारी ठेवली जाते. अँड्र्यू प्रणालीच्या निर्मात्यांना २०१६ सालचा एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणालीसाठीचा पुरस्कार मिळाला. स्वतः कोडा फार घरांत पोहोचली नाही. पण आज आपल्या नातवंडांच्या हातातला फोन बोगद्यात शिरल्यावरही लिहू देतो आणि बाहेर आल्यावर ते लिहिणे जागच्या जागी पोहोचवतो, त्यामागे हा सगळा विचार आहे.

आपल्यापैकी बहुतेक घरे दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून इकडे आली. मूळ दप्तर तिकडे राहिले आणि आपण इकडे नकलेवर संसार केला. भाषा, सण, देवघर, स्वयंपाक, सगळे आठवणीच्या साठवणीतले. त्यात इकडची भर पडली आणि तिकडचे मूळही बदलत गेले. पुण्याचे पाहुणे आपल्या बोलण्याला हसतात तेव्हा त्यांना वाटते की नक्कल बिघडली. गुरुजींच्या रीतीने पाहिले, तर तेथे दोन्ही नोंदी ठेवाव्यात आणि कुठली कधीची, हे लिहून ठेवावे.

तेवढ्यासाठीच आज एक विनंती करतो. शाळेची यादी आता पुन्हा नव्या यंत्रावर जाणार आहे असे कळते. तिच्याबरोबर गुरुजींच्या त्या वहीची पद्धत पुढे चालू ठेवावी. ती मूळ वही मी आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. तिच्यात शेवटची सतरा पाने कोरी आहेत.